जमैकात पोलीस कमिशनर घडतो कसा? ट्विकनहॅम पार्कपासून ओल्ड होप रोडपर्यंत

प्रश्न असा आहे: जमैकासारख्या छोट्या कॅरिबियन देशात आपल्या आयपीएससारखी थेट वरच्या पदावर भरती होते का? देशाच्या सगळ्या पोलीस दलाचा प्रमुख, म्हणजे कमिशनर, कोण ठरवतं? आणि स्वतःचं दीडशे वर्षं जुनं पोलीस दल असताना तिथे लष्करातून, कधी तर थेट लंडनहून माणसं का आणतात?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. थेट भरती नाही. वर्दीत जो येतो तो शिपाई म्हणून येतो, मग तो पदवीधर असो की दहावी-बारावीच्या पातळीची सीएसईसी परीक्षा पास झालेला असो. पदवीधरांना लवकर वर नेण्याच्या योजना मधूनमधून राबवल्या गेल्या, पण त्यांनाही तळापासूनच सुरुवात करावी लागली. पुढच्या दोन्ही प्रश्नांची मुळं इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी दलाची ओळख. मुख्यालय राजधानी किंग्स्टनमध्ये, ओल्ड होप रोडवर. १८६५ मध्ये मोरंट बे इथे पॉल बोगल याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि गव्हर्नर एअरने तो चारशेहून जास्त माणसं मारून चिरडला. त्यानंतर १८६७ मध्ये जमैका कॉन्स्टॅब्युलरी फोर्स उभी राहिली. नमुना होता आयर्लंडच्या सशस्त्र, बराकीत राहणाऱ्या पोलिसांचा. सिंधमध्ये नेपियरने १८४३ मध्ये पोलीस उभे केले तेही याच आयरिश नमुन्यावर, आणि १८६१ चा आपला पोलीस कायदा त्याच वळणाचा. म्हणजे दोन्ही दलांचं कूळ एकच. ब्रिटिश काळात तिथेही वरचे अधिकारी वेगळ्या वर्गातून, बाहेरून येत. स्वातंत्र्यानंतर भारताने तो वेगळा दरवाजा आयपीएसच्या रूपाने ठेवला. जमैकात मात्र वर जायचं ते शिपायाच्याच जिन्याने.

आकाराचाही अंदाज हवा. सगळा देश सुमारे अकरा हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा लहान. लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. पोलीस बारा-तेरा हजार. एवढ्याशा बेटावर २०१७ या एका वर्षात १,६०० हून जास्त खून झाले. २०२४ मध्ये आकडा १,१०० च्या घरात आला आणि २०२५ मध्ये त्याहून बराच खाली गेला. अधिकाऱ्याची कारकीर्द इथे या आकड्यांवर तोलली जाते, आणि आकडे खाली आणण्यासाठी काय केलं यावर ती कोर्टात पुन्हा तोलली जाते.

भरतीत लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी, मुलाखत आणि पार्श्वभूमीची चौकशी असते. घरी, शेजारी, शाळेत विचारपूस होते. बेट लहान असल्याने "याचा चुलत भाऊ अमक्या टोळीत आहे" ही माहिती सहज निघते आणि तिथेच बरेच अर्ज थांबतात. प्रशिक्षण सेंट कॅथरीन परगण्यातल्या ट्विकनहॅम पार्कच्या नॅशनल पोलीस कॉलेजात होतं. बाहेर पडल्यावर अंगावर येते ती बाजूने लाल पट्टी शिवलेली गडद पँट. लोक पोलिसाला त्या पट्टीवरूनच ओळखतात. २०१४ पर्यंत निळ्या पट्टीचं एक वेगळं विशेष दलही होतं, ते मुख्य दलात विलीन झालं. जुन्या अधिकाऱ्यांच्या माहितीत त्या दलातली सेवा वेगळी दाखवलेली दिसते ती यामुळे.

इथे एक गोष्ट आहे जी आपल्याकडच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. जमैकात खालच्या पदावरच्या पोलिसाची नोकरी कायमची नसते. तो पाच वर्षांसाठी भरती होतो. मुदत संपत आली की पुन्हा भरतीसाठी अर्ज करायचा आणि कमिशनरने तो मान्य करायचा. कमिशनर नाकारूही शकतो. नाकारण्याआधी त्या माणसाला कारणं कळवून म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते, हे न्यायालयांनी अनेक निकालांतून पक्कं केलं आहे. आपल्याकडे खातेनिहाय चौकशी वर्षानुवर्षं चालते आणि माणूस दरम्यान निलंबन भत्ता घेत राहतो. तिथे चौकशीत पुरेसं हाती लागलं नाही तरी पाचव्या वर्षाचा अर्ज नाकारून खातं त्या माणसापासून सुटका करून घेऊ शकतं. हे हत्यार दुधारी आहे. भ्रष्ट माणूस बाहेर काढायला ते उपयोगी पडतं, आणि वरिष्ठाच्या डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाला काढायलाही. म्हणून शहाणा शिपाई पहिल्या दिवसापासून आपले कागद सांभाळतो: रजेचे अर्ज, कौतुकाची पत्रं, आपल्याविरुद्धच्या तक्रारी निकाली निघाल्याची नोंद. पाचव्या वर्षी तेच कामी येतं.

पदांची उतरंड अशी: शिपाई, कॉर्पोरल, सार्जंट, इन्स्पेक्टर. मग राजपत्रित पदं: असिस्टंट सुपरिंटेंडंट, डेप्युटी सुपरिंटेंडंट, सुपरिंटेंडंट, सीनियर सुपरिंटेंडंट, असिस्टंट कमिशनर, डेप्युटी कमिशनर आणि कमिशनर. नावं आपल्या ओळखीची आहेत, पण वजन वेगळं. आपल्याकडे एसीपी म्हटलं की मुंबईतल्या एका विभागाचा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. तिथे असिस्टंट कमिशनर अख्खा विभाग सांभाळतो, आणि देशात असे भौगोलिक विभाग पाचच आहेत. त्यांच्याखाली १९ डिव्हिजन, आणि प्रत्येकीचा प्रमुख साधारणपणे सुपरिंटेंडंट किंवा सीनियर सुपरिंटेंडंट. मराठीत "जिल्हा पोलीस अधीक्षक" म्हणावं असं पद तेच.

इन्स्पेक्टरपर्यंतचा रस्ता परीक्षांचा आहे. फौजदारी कायदा, पुराव्याचे नियम, खात्याचे आदेश हे विषय. दुखापत आणि खुनासंबंधीचा तिथला कायदा मूळ १८६४ चा आहे, वेळोवेळी दुरुस्त केलेला. परीक्षेला बसणाऱ्याला हे जुनं इंग्रजी वळण आणि त्यावर चढलेले नवे कायदे दोन्ही पाठ लागतात: २०१४ चा टोळीविरोधी कायदा, २०१७ चा विशेष कारवाई क्षेत्रांचा कायदा, बेकायदा शस्त्रासाठी किमान १५ वर्षांची शिक्षा आणणारा २०२२ चा शस्त्र कायदा. खुनांत बंदूक हेच मुख्य हत्यार असल्याने शेवटचा कायदा रोजच्या वापरातला आहे. खास बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी १९७४ पासून तिथे वेगळं न्यायालय आहे, त्याला गन कोर्टच म्हणतात.

परीक्षा पास झालं की बढती मिळतेच असं नाही. घोडं अडतं ते जागा आणि अहवाल या दोन ठिकाणी. वरची जागा रिकामी नसते, किंवा असते पण त्यावर कोणीतरी "कार्यकारी", म्हणजे तात्पुरता, म्हणून बसलेला असतो. बढत्या, बदल्या, बडतर्फ्या "फोर्स ऑर्डर्स" नावाच्या खात्याच्या साप्ताहिक पत्रकात छापल्या जातात. कोणाच्या कारकिर्दीचा माग काढायचा असेल तर सर्वांत भरवशाचा कागद तोच. वर्तमानपत्रातल्या बातम्यांत पदं सर्रास चुकतात.

इन्स्पेक्टरच्या पुढे राजपत्रित अधिकाऱ्यांची दुनिया सुरू होते. संघटनासुद्धा बदलते. शिपाई ते इन्स्पेक्टर यांची पोलीस फेडरेशन, त्यावरच्यांची ऑफिसर्स असोसिएशन. त्याहून मोठा बदल म्हणजे बढतीचा निर्णय आता पोलीस सर्व्हिस कमिशनकडे जातो. हा आयोग राज्यघटनेने निर्माण केलेला आहे. त्याचे सदस्य पंतप्रधानांच्या शिफारशीवरून आणि विरोधी पक्षनेत्याशी सल्लामसलत झाल्यावर गव्हर्नर-जनरल नेमतात. आयोग मुलाखत घेतो, सेवापुस्तिका पाहतो आणि सचोटीची तपासणी मागतो. पॉलिग्राफ चाचणी हा वरच्या पदांसाठी आता ओळखीचा टप्पा आहे. मालमत्तेचं विवरण इंटेग्रिटी कमिशन या भ्रष्टाचारविरोधी संस्थेकडे द्यावं लागतं: ३१ डिसेंबरची स्थिती पुढच्या ३१ मार्चपर्यंत. विवरण उशिरा देणं हा स्वतःच एक गुन्हा आहे आणि वरच्या पदाच्या मुलाखतीत तो नक्की निघतो. लाच न खाणारा पण कागदांबाबत आळशी अधिकारी इथे फुकट मार खातो.

आता डिव्हिजन. खरी परीक्षा इथे आहे. सुपरिंटेंडंटच्या गळ्यात तीन गोष्टी एकदम पडतात: रस्त्यावरची कारवाई, कोठडी, आणि मुद्देमाल.

कारवाईचं सांगतो. पंतप्रधान एखादी वस्ती विशेष कारवाई क्षेत्र म्हणून जाहीर करतात. पहिलं क्षेत्र सप्टेंबर २०१७ मध्ये सेंट जेम्समधल्या माउंट सेलम इथे जाहीर झालं. अशा क्षेत्रात पोलीस आणि लष्कर यांचा संयुक्त प्रमुख-गट असतो, म्हणजे सुपरिंटेंडंटला लष्करी अधिकाऱ्याच्या बरोबरीने निर्णय घ्यावे लागतात. वेढा २४ तासांपेक्षा जास्त नाही, संचारबंदी ७२ तासांपेक्षा जास्त नाही. तिथे नेमल्या जाणाऱ्या जवानांना मानवी हक्क आणि बळाच्या वापराचं खास प्रशिक्षण द्यावं लागतं. शिवाय कायद्यानेच सामाजिक समिती बांधून दिली आहे: जन्मदाखले, पाणी, कचरा, शाळा. यात चूक कुठे होते? पहिले काही आठवडे गोळीबार थांबतो, खातं समाधान मानतं, समितीचं काम रेंगाळतं. तोवर टोळीतली माणसं शेजारच्या डिव्हिजनमध्ये सरकलेली असतात. वस्ती शांत दिसते आणि शेजारचा सुपरिंटेंडंट त्याची किंमत मोजतो. म्हणून एका डिव्हिजनचा आकडा एकटा पाहून अधिकाऱ्याला शाबासकी देणं मला पटत नाही. बाजूच्या दोन डिव्हिजनचे आकडे शेजारी मांडून पाहावेत.

कोठडीकडे वरिष्ठांचं दुर्लक्ष होतं, आणि तीच त्यांना बुडवते. १९९२ मध्ये किंग्स्टनच्या कॉन्स्टंट स्प्रिंग ठाण्यात साधारण आठ बाय सात फुटांच्या खोलीत १९ जणांना कोंबलं आणि तिघे गुदमरून मेले. ठाणे अंमलदाराच्या डायरीत किती जण आत आहेत, कोणाला केव्हा आणलं, कोणाला औषध लागतं, रात्रीच्या फेरीत कोण पाहून गेलं, हे वेळेसह लिहिलेलं नसेल तर सुपरिंटेंडंटकडे बचावाला काहीच उरत नाही. डायरीतली नोंद नंतर भरली की शाई, ओळींमधली जागा आणि वेळांचा क्रम मिळून ते उघडं पाडतात. वकिलांना हे पाठ आहे.

गोळीबाराचं प्रकरण याहून नाजूक. २०१० च्या कायद्याने इंडेकॉम ही स्वतंत्र चौकशी संस्था आली. पोलिसाच्या गोळीने कोणी मेलं वा जखमी झालं की खात्याने तिला लगेच कळवायचं, घटनास्थळ जसंच्या तसं राखायचं, बंदुका तपासणीसाठी द्यायच्या, संबंधितांनी जबाब द्यायचे. पूर्वी असं सर्रास होई की जखमीला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं, मागे राहिलेली पुंगळ्यांची जागा कोणीतरी तुडवायची आणि दुसऱ्या दिवशी चार पोलिसांनी एकाच भाषेतले चार जबाब लिहायचे. एकसारखे जबाब बघताच चौकशी अधिकारी सावध होतो. २०१३ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी २५८ माणसं मेली, २०१४ मध्ये ११५. एका वर्षात एवढा उतार केवळ गुन्हेगारी कमी झाल्याने येत नाही. आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे हे कळलं की हात आखडतो. पुढे हा आकडा पुन्हा चढला आहे, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की इंडेकॉमला चौकशीचा अधिकार आहे, अटक करून खटला भरण्याचा नाही. प्रिव्ही कौन्सिल हे अजूनही जमैकाचं सर्वोच्च न्यायालय आहे.

अधिकाऱ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा: इंडेकॉमची फाईल उघडी असेल तर बढती लांबते, फाईल बंद व्हायला वर्षं जातात आणि मधल्या काळात बरोबरीचे पुढे निघतात. सीनियर सुपरिंटेंडंट रेनेटो अॅडम्स यांचं उदाहरण तिथे सगळ्यांना माहीत आहे. २००० मध्ये उभ्या केलेल्या क्राइम मॅनेजमेंट युनिटचे ते प्रमुख. २००१ मध्ये ब्रेटन इथे सात तरुण मारले गेले, २००३ मध्ये क्रॉल इथे दोन स्त्रियांसह चार जण. त्यानंतर ते युनिट मोडण्यात आलं. क्रॉल प्रकरणात अॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर खटला चालला आणि डिसेंबर २००५ मध्ये ते निर्दोष सुटले. लोकांत ते अफाट लोकप्रिय होते, आजही आहेत. पण ज्या कामामुळे ते लोकप्रिय झाले त्याच कामाने त्यांचा वरचा रस्ता बंद केला. चकमकफेम अधिकाऱ्यांचं मुंबईत काय झालं हे आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मुद्देमालाबद्दल थोडं बारकाईने. जमैकात आपल्यासारखा पंचनामा नसतो, पंच नसतात. आरोपीला त्याचे हक्क सांगून घेतलेल्या जबाबासाठी जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद दंडाधिकारी, साक्षीला बोलावतात, पण वस्तूच्या बाबतीत सगळा भार पोलिसाच्या सहीवर असतो. मोबाइल जप्त झाला की तो बंद करून किंवा सिग्नल तोडणाऱ्या पिशवीत ठेवून पाकीट सीलबंद करायचं, त्यावर तारीख, वेळ, जागा आणि सही करायची, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक चढवायचा. नंतर पाकीट ज्या-ज्या हातात जाईल त्याची सही घ्यायची. पाकीट उघडलं तर का, कोणी आणि कोणासमोर, तेही लिहायचं. गायक व्हायब्झ कार्टेल यांच्या गाजलेल्या खटल्यात पोलिसांच्या ताब्यात असताना फोन वापरला गेल्याचा पुरावा समोर आला, आणि बचावपक्षाने त्यावर वर्षानुवर्षं झुंज दिली. १४ मार्च २०२४ ला प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली ती ज्युरीतल्या लाचप्रकरणामुळे, पण मधली दहा वर्षं त्या फोनभोवतीच युक्तिवाद घिरट्या घालत होते. मुद्देमाल कारकुनाची खोली ही सुपरिंटेंडंटने आठवड्याला एकदा स्वतः कुलूप उघडून बघायची खोली आहे. तिथे सील तुटलेलं पाकीट सापडलं तर त्याच दिवशी लेखी नोंद करायची. लपवलं तर तेच पाकीट तीन वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हातात देतात.

आता ते प्रकरण, ज्यामुळे मराठी घराघरांत जमैकाच्या पोलिसांचं नाव पोचलं. १७ मार्च २००७. त्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बांगलादेशने भारताला हरवलं, म्हणून आपल्याकडे सुतक होतं. त्याच दिवशी किंग्स्टनच्या सबायना पार्कवर आयर्लंडने पाकिस्तानला विश्वचषकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वुल्मर पेगसस हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि रुग्णालयात त्यांना मृत घोषित केलं. सरकारी शवचिकित्सकाच्या पहिल्या तपासणीत ठोस काही निघालं नाही. नंतर त्यांनी गळ्यातलं हायॉइड हाड मोडल्याचं म्हटलं आणि २२ मार्चला पोलिसांनी जगासमोर जाहीर केलं: गळा दाबून खून. तपासाचे प्रमुख होते डेप्युटी कमिशनर मार्क शील्ड्स, स्कॉटलंड यार्डमधून आलेले. पाकिस्तानच्या खेळाडूंचे जबाब, बोटांचे ठसे, डीएनए नमुने घेतले गेले. मग ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा इथल्या तीन शवचिकित्सकांनी पुरावे पाहिले आणि हाड मोडलेलंच नाही असं सांगितलं. १२ जूनला कमिशनर लुशियस थॉमस यांना जाहीर करावं लागलं की मृत्यू नैसर्गिक होता. वर्षाअखेर मृत्यू-चौकशीत ज्युरीने खून की नैसर्गिक मृत्यू यापैकी काहीच न ठरवता खुला निकाल दिला.

कमिशनर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण शिकवावं असं मला वाटतं. चूक केवळ शवचिकित्सकाची नव्हती. आपल्याकडे अशी घटना आधी "अकस्मात मृत्यू" म्हणून नोंदवतात आणि पुढचं पुढे. ती पायरी फार मोलाची आहे. गळ्यावरचा संशय असेल तर कापण्याआधी क्ष-किरण चित्र, मग मानेचं वेगळं, थराथराने शवविच्छेदन, प्रत्येक थराचं छायाचित्र, आणि दुसऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाचं मत येईपर्यंत पत्रकार परिषदेत "संशयास्पद" याच्या पलीकडे एक शब्द नाही. चार दिवसांत खून जाहीर केला की तपास त्याच दिशेला बांधला जातो: साक्षीदार त्या चष्म्यातून आठवतात, प्रयोगशाळेतले नमुने त्या प्रश्नासाठी तपासले जातात, आणि माघार घ्यायला तीन महिने लागतात. जगाचे कॅमेरे समोर असताना थांबणं अवघड असतं, मान्य. वरिष्ठ पदाचा पगार मात्र त्याच थांबण्याचा असतो.

इथून तिसऱ्या प्रश्नावर येतो. बाहेरची माणसं का? सगळेच ट्विकनहॅम पार्कमधून आलेले असतात, म्हणजे आजचा डेप्युटी कमिशनर आणि ज्याची चौकशी व्हायची तो सीनियर सुपरिंटेंडंट एकाच तुकडीत कवायत केलेले असू शकतात. त्यात किंग्स्टनच्या कित्येक वस्त्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाच्या पक्क्या बालेकिल्ल्यात मोडतात, आणि तिथे काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यावर या ना त्या बाजूचा शिक्का मारायला लोक तयार असतात. लष्कर लहान आहे, शिस्तीचं मानलं जातं आणि या नात्यागोत्यांतून बरंच बाहेर आहे. म्हणून १९९३ मध्ये कर्नल ट्रेव्हर मॅकमिलन आले, २००७ मध्ये रिअर अॅडमिरल हार्डली लुइन, २०१८ मध्ये मेजर जनरल अँटनी अँडरसन. १९९३ पासूनच्या नऊ कायम कमिशनरांपैकी हे तिघे लष्करातले. बाकीचे सहा, म्हणजे फ्रान्सिस फोर्ब्स, थॉमस, ओवेन एलिंग्टन, कार्ल विल्यम्स, जॉर्ज क्वालो आणि मार्च २०२४ पासूनचे केव्हिन ब्लेक, पोलीस दलातले. विल्यम्स आणि ब्लेक दोघेही डॉक्टरेट मिळवलेले, आणि त्यावरून वरच्या पदांसाठी अभ्यासाला किती वजन आलं आहे ते दिसतं. २०१७ मध्ये काही महिने नोव्हलेट ग्रँट यांनी कार्यकारी कमिशनर म्हणून काम पाहिलं. त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री.

लष्करी माणूस यंत्रणा सुधारतो: वाहनं, संगणकीकृत नोंदी, इमारती, शिस्त. अँडरसन यांच्या काळात हे ठळकपणे झालं. तपासाचा अनुभव मात्र त्याला आणता येत नाही. तो डेप्युटी कमिशनरांवर अवलंबून राहतो, आणि त्यांच्यातला जो नाराज असतो, ज्याला वाटतं की ही खुर्ची माझी होती, त्याच्याकडून माहिती उशिरा वर येते. लुइन यांना दोन वर्षांतच, सरकारचा विश्वास उरला नाही म्हटल्यावर, नोव्हेंबर २००९ मध्ये जावं लागलं.

राहिला दुसरा प्रश्न. कमिशनरची निवड पोलीस सर्व्हिस कमिशन हा आयोगच करतो: जाहिरात, अर्ज, मुलाखती, शिफारस. नेमणूक ठरावीक मुदतीच्या करारावर होते आणि मुदत वाढवता येते. कायद्याने दलाची कमान कमिशनरच्या हातात आहे, मंत्री धोरण सांगू शकतो, अमक्याला पकडा असं सांगू शकत नाही. व्यवहारात ही रेघ कुठे पुसट होते ते मे २०१० मध्ये किंग्स्टनमधल्या टिवोली गार्डन्स या वस्तीत दिसलं. अमेरिकेने प्रत्यार्पणासाठी मागितलेल्या ख्रिस्तोफर कोक या टोळीप्रमुखाला पकडायला पोलीस आणि लष्कर घुसले, किमान ६९ नागरिक मेले, आणि कोक सापडला महिनाभराने, दुसरीकडे. बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश डेव्हिड सिमन्स यांच्या आयोगाचा अहवाल २०१६ मध्ये आला. कारवाईचं नियोजन, हुकुमांची साखळी, मृतदेहांची हाताळणी यांवर त्यात कठोर ताशेरे आहेत. तेव्हाचे कमिशनर एलिंग्टन २०१४ मध्येच मुदतीआधी निवृत्त झाले होते. चौकशीवर आपला प्रभाव पडतो असं कोणाला वाटू नये, हे त्यांनी दिलेलं कारण.

शेजारच्या त्रिनिदाद-टोबॅगोत पद्धत वेगळी आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. तिथे २००६ च्या घटनादुरुस्तीनंतर आयोग नाव सुचवतो आणि संसदेचं कनिष्ठ सभागृह त्यावर मत देतं. पंतप्रधानांचा जुना नकाराधिकार गेला, पण त्याच्या जागी वाटाघाटी आल्या. २०१० मध्ये ड्वेन गिब्स हे कॅनडाचे अधिकारी कमिशनर झाले आणि २०१२ मध्ये गेले. मग स्टीफन विल्यम्स सहा वर्षं "कार्यकारी" राहिले, कारण कायम नेमणुकीची प्रक्रिया पुन्हा पुन्हा फिसकटत गेली. कार्यकारी कमिशनरला दर काही महिन्यांनी मुदतवाढ लागते. असा माणूस मोठी बदली करताना, जुन्या प्रकरणाला हात घालताना दहा वेळा विचार करतो, आणि हाताखालच्यांना ते कळतं. २०१८ मध्ये माजी लष्करी कॅप्टन आणि माजी मंत्री गॅरी ग्रिफिथ आले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एर्ला हेअरवुड-ख्रिस्तोफर या तिथल्या पहिल्या स्त्री कमिशनर झाल्या. त्या मात्र दलातूनच वर आलेल्या.

भारतीय नागरिकाला या दलांत जायचं असेल तर रस्ता जवळजवळ नाही. बाहेरचे आले ते सरकारांमधल्या करारावर किंवा खास जाहिरातीतून, आणि तेही कारकिर्दीच्या उत्तरार्धात, तपास किंवा भ्रष्टाचारविरोधी कामाचा भक्कम अनुभव घेऊन.

एखाद्या जमैकन अधिकाऱ्याचा परिचय वाचायचा असेल, अभ्यासासाठी किंवा लेखासाठी, तर पुढचं तपासा. इन्स्पेक्टर ते असिस्टंट सुपरिंटेंडंट या उडीला किती वर्षं लागली. डिव्हिजन कोणत्या मिळाल्या: किंग्स्टन वेस्ट, सेंट अँड्र्यू साउथ, सेंट जेम्स या अवघड डिव्हिजनपैकी एकही नसेल तर माणूस बहुधा मुख्यालयात वाढलेला आहे. ते कमीपणाचं नाही, पण वेगळं आहे. प्रत्येक पदाआधी "कार्यकारी" शब्द आहे का आणि किती काळ. आणि बदलीची तारीख कोणत्या घटनेनंतर आठवड्याभरात पडली आहे, ते त्या काळच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा.